सफेद गल्ली आणि वऱ्हाडचा कापूस

पैनगंगेच्या अलीकडे उमरखेडच्या काळ्या रानात पिकणारा कापूस, आणि मुंबईच्या कामाठीपुऱ्यातील एका अरुंद रस्त्यावर दिवेलागणीस सज्जात येऊन बसणाऱ्या पोलंड, रशिया, रुमानिया आणि जपान या देशांतील स्त्रिया, यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे आमच्या वऱ्हाडातील सज्जन वाचकाच्या मनात सहसा येणार नाही. आणि आले तरी ते बोलून दाखविणे त्यास प्रशस्त वाटणार नाही. परंतु ज्या बंदरातून आमचा कापूस विलायतेस गेला, त्याच बंदरात तो नेणाऱ्या जहाजांवरील खलाशी उतरले. आणि ज्या सरकारने कापसाच्या गासड्यांसाठी लोहमार्ग अंथरले, त्याच सरकारने त्या खलाशांच्या व गोऱ्या शिपायांच्या प्रकृतीसाठी एक कायदा करून त्याचा सारा जाच शहरातील स्त्रियांवर लादला. या एका कारणासाठी तरी त्या रस्त्याचा इतिहास केवळ मुंबईकरांचा नव्हे, तो आमचाही आहे, असे मला वाटते.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. उमरखेड त्या काळी पुसद तालुक्यात आणि पुसद तालुका वाशिम जिल्ह्यात मोडत असे. १९०५ साली वाशिम जिल्हा मोडण्यात आला तेव्हा हा मुलूख यवतमाळच्या वाट्यास आला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानाकडे डोळे लावून बसल्या, तेव्हा उमरावतीचे नाव लिव्हरपूलच्या बाजारात एकाएकी सर्वतोमुखी झाले. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६४ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. शेअरांचा सट्टा आणि समुद्र हटविण्याच्या कंपन्या यांनी लोकांची मती गुंग झाली. आणि युद्ध संपताच १ जुलै १८६५ या दिवशी तो सारा डोलारा कोसळला. सटोडिये बुडाले, परंतु बंदर बुडाले नाही. रेल्वे १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचली, १८७० साली खामगावचा फाटा सुरू झाला, आणि ज्या आमच्या भागास रेल्वे नव्हती तेथील कापूस बैलगाड्यांनी घाट उतरून रेल्वेच्या ठाण्यापर्यंत जाऊ लागला.

आता कामाठीपुऱ्याकडे वळू. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीजवळील खिंडार बांध घालून बुजविण्यात आले, तोपर्यंत भायखळ्याच्या आसपासची ही जमीन भरतीच्या पाण्याखाली जात असे. पाणी हटल्यावर तेथे जे मजूर येऊन राहिले, ते निजामाच्या मुलखातील तेलंगी भागातून आलेले कामाठी होते, आणि त्यांच्या नावावरून वस्तीस नाव पडले. इमारतीचा चुना कालविणारे, माती वाहणारे, दगड फोडणारे हे लोक. मुंबईच्या पुष्कळशा वैभवाचे ओझे त्यांच्या डोक्यावरून गेले आहे. बाजूसच ग्रँट रस्ता होता, आणि त्यावर जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर १८४६ साली उभे राहिलेले नाटकगृह. तेथेच १८५३ साली विष्णुदास भावे यांच्या मंडळीने आपली नाटके करून दाखविली. पुढे या भागात नाटकगृहांची इतकी दाटी झाली की लोक त्यास 'पिला हाऊस' म्हणू लागले. मराठी रंगभूमीच्या इतिहासाची मोठी गौरवाने लिहिलेली पाने आणि मुंबईच्या वेश्याव्यवसायाची न लिहिलेली पाने एकाच मोहल्ल्यातील आहेत, याची आठवण आमचे नाट्यसमीक्षक सहसा करून देत नाहीत.

मुंबईत त्यापूर्वी हा व्यवसाय नव्हता असे कोणी समजू नये. गोव्याकडून आलेल्या नायकिणी आणि कलावंतिणी होत्या. त्यांच्या गाण्याच्या बैठकींना शेठसावकार जात. त्यांपैकी कित्येकींची घरे, दागिने आणि प्रतिष्ठाही होती. परंतु त्या व्यवस्थेत गिऱ्हाईक हा ओळखीचा, गावातला, पिढीजात असे. वाफेच्या जहाजांनी जो नवा गिऱ्हाईक आणला तो आठ-पंधरा दिवसांचा पाहुणा होता. त्यास शहराची भाषा येत नव्हती, त्याच्या खिशात पगार होता, आणि जहाज निघाले म्हणजे त्याचे मागे काहीच उरत नव्हते. त्याच्याकरिता बैठक नको होती, रस्ता पुरेसा होता.

१८६८ ते १८७० या दोन-अडीच वर्षांत ज्या गोष्टी एकापाठोपाठ घडल्या, त्या एकत्र मांडून पाहिल्या म्हणजे या इतिहासाची जुळणी ध्यानात येते. १८६८ साली कलकत्त्याच्या सरकारने त्या वर्षाचा १४ वा कायदा, म्हणजे सांसर्गिक रोगांचा कायदा, मंजूर केला. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला होऊन युरोप आणि मुंबई यांमधील सागरी अंतर हजारो मैलांनी घटले. १८७० साली खामगावची रेल्वे सुरू झाली, त्याच साली ड्यूक ऑफ एडिंबरो यांच्या हस्ते अपोलो बंदराजवळ खलाशीगृहाची कोनशिला बसली, आणि त्याच साली वरील कायद्याचा अंमल मुंबईत सुरू झाला. खलाशीगृहाकरिता बडोद्याचे खंडेराव महाराज गायकवाड यांनी मोठी देणगी दिली होती. खलाशाने दारूच्या गुत्त्यात आणि कुंटणखान्यात जाऊ नये, स्वच्छ खाटेवर निजावे आणि ख्रिस्ती मनुष्यास शोभेल असे वागावे, हा त्या इमारतीचा हेतू. आणि तो खलाशी तरीही गेलाच तर त्यास रोग होऊ नये, हा कायद्याचा हेतू. एकाच सरकारचा डावा हात आणि उजवा हात इतक्या सलोख्याने क्वचितच वागले असतील.

या कायद्याची रचना पाहण्याजोगी आहे. वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रीने पोलीस दप्तरी नाव नोंदवून घ्यावे, तिला परवान्याचे तिकीट मिळावे, ठरावीक मुदतीने तिने सरकारी डॉक्टरपुढे रुजू होऊन अंगाची तपासणी करून घ्यावी, रोग आढळल्यास तिला खास इस्पितळात बरे होईपर्यंत अडकवून ठेवावे, आणि यांपैकी काही चुकविल्यास तिला दंड किंवा कैद व्हावी, असा तो जाबता होता. ज्या पुरुषाकडून तो रोग तिला झाला असेल त्याची तपासणी, नोंद किंवा अडकवणूक करण्याविषयी कायद्यात अक्षर नव्हते. परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. पुष्कळ स्त्रियांनी नावे नोंदविली नाहीत. पोलिसांचे शिपाई ज्या-त्या गरीब बाईवर संशय घेऊन तिला धमकावू लागले. आणि ज्या स्त्रियांचा या धंद्याशी काडीमात्र संबंध नव्हता त्यांनाही रात्रीच्या वेळी रस्त्यावरून जाणे कठीण झाले. त्यातच इस्पितळाच्या खर्चाचा वाटा कोणी उचलावा यावरून सरकार आणि म्युनिसिपालिटी यांत तंटा पडला, आणि १८७२ साली मुंबईत कायद्याचा अंमल थांबला. १८८० साली तो पुन्हा सुरू झाला.

मुंबईबाहेर, जेथे गोऱ्या पलटणींच्या छावण्या होत्या, तेथे हीच व्यवस्था १८६४ च्या छावणी कायद्याच्या आधाराने अधिक उघडपणे चालली. पलटणीबरोबर असलेल्या बाजारात शिपायांसाठी राखून ठेवलेल्या स्त्रियांची वस्ती असे आणि तिला लाल बाजार किंवा चकला म्हणत. १८८६ साली सरसेनापती रॉबर्ट्स यांच्या कचेरीतून छावण्यांना एक परिपत्रक गेले, ज्यात पलटणींच्या बाजारांत अशा स्त्रियांची संख्या पुरेशी असावी आणि त्या दिसण्यात आकर्षक असाव्यात, अशी तजवीज ठेवण्याची सूचना होती. आल्फ्रेड डायर या इंग्रज समाजसुधारकाने हा कागद १८८८ साली उजेडात आणला, आणि ज्या विलायतेत जोसेफिन बटलर यांनी जवळजवळ दीड तप अशाच कायद्यांविरुद्ध लढा देऊन १८८६ साली ते रद्द करविले होते, तेथे एकच गहजब उडाला. ५ जून १८८८ रोजी पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाने या पद्धतीचा निषेध करणारा ठराव संमत केला आणि त्याच वर्षी हिंदुस्थानातील कायदाही रद्द झाला. तरीही छावण्यांतील व्यवहार नाव बदलून चालूच राहिला, हे एलिझाबेथ अँड्र्यू आणि कॅथरीन बुशनेल या दोन अमेरिकन स्त्रियांनी १८९१-९२ च्या सुमारास उत्तरेकडील छावण्यांत फिरून दाखवून दिले. या साऱ्या चळवळीत इंग्रज आणि अमेरिकन स्त्रियांनी दाखविलेले धैर्य वादातीत आहे. परंतु ज्यांच्याविषयी हा वाद चालला त्या देशी स्त्रियांपैकी एकीचेही नाव आपल्या तोंडी नाही, हेही तितकेच खरे.

सुएझच्या कालव्याने केवळ गिऱ्हाईक आणले नाही, स्त्रियाही आणल्या. युरोपच्या पूर्वेकडील पोलंड, रशिया, ऑस्ट्रिया, रुमानिया या भागांत दारिद्र्य आणि ज्यू लोकांवरील अत्याचार यांनी जी माणसे देशोधडीस लागली, त्यांतील तरुण मुलींना लग्नाचे, नोकरीचे वा नाटक कंपनीचे आमिष दाखवून दलाल कॉन्स्टँटिनोपल, अलेक्झांड्रिया, पोर्ट सैद अशा मुक्कामांवरून पूर्वेच्या बंदरांत आणीत. मुंबईत त्यांची वस्ती कामाठीपुऱ्याच्या कडेस कर्सेटजी सुखलाजी रस्त्यावर झाली, आणि लोकांनी त्या रस्त्यास 'सफेद गल्ली' हे नाव दिले. रस्त्याचे अधिकृत नाव ज्यांना ठाऊक नव्हते त्या टांगेवाल्यांनाही हे नाव सांगितले की पुरत असे.

१९०९ ते १९१६ या काळात मुंबईचे पोलीस कमिशनर असलेले एस. एम. एडवर्ड्स यांनी आपल्या पोलीस खात्याच्या इतिहासात या गल्लीविषयी पुष्कळ मोकळेपणाने लिहिले आहे. त्यांच्या लिखाणातून जी गोष्ट प्रथम ध्यानात येते ती अशी की, पोलीस ही घरे बंद करीत नव्हते; त्यांच्यावर नजर ठेवीत होते. प्रत्येक घराच्या मालकिणीची ओळख पोलिसांना असे, आणि नव्याने आलेल्या स्त्रीची वर्दी तिने द्यावी अशी अपेक्षा असे. ज्या परकी दलालांचा उपद्रव वाढे त्यांना १८६४ च्या परकीयांच्या कायद्याखाली जहाजात बसवून हद्दपार करीत. आणि एखादी स्त्री इंग्रज असल्याचे निष्पन्न झाले तर तिला मात्र या गल्लीत राहू देत नसत. तिची मायदेशी रवानगी होत असे. पोलंडची स्त्री चालेल, रुमानियाची चालेल, परंतु इंग्रज स्त्री हिंदी शहरात सज्जात बसलेली दिसता कामा नये, कारण तिला पाहून हिंदी लोकांच्या मनातील राज्यकर्त्या जातीचा दरारा उतरेल, हा त्यामागील विचार. एडवर्ड्स हे पुष्कळ बाबतींत समंजस अधिकारी होते. मुंबईच्या गल्लीबोळांविषयी त्यांनी आपुलकीने लिहिले आहे. तरीही गोऱ्या पुरुषांनी देशी स्त्रियांकडे वळू नये म्हणून गोऱ्या स्त्रियांची ही वस्ती असू द्यावी, हे समर्थन त्यांच्या काळच्या अधिकारीवर्गाला अगदी स्वाभाविक वाटत होते. नीतीचा प्रश्न येथे कातडीच्या रंगाच्या प्रश्नात विरघळून गेला होता.

जपानी स्त्रियांची कथा तर आमच्या कापसास आणखी जवळची आहे. जमशेटजी टाटा आणि निप्पॉन युसेन कैशा ही जपानी आगबोट कंपनी यांनी मिळून १८९३ साली कोबे-मुंबई हा जलमार्ग सुरू केला, तो मुख्यत्वे हिंदी कापूस जपानच्या गिरण्यांना स्वस्त भाड्याने पोहोचावा म्हणून. विलायती कंपन्यांची मक्तेदारी मोडणारे हे धाडस आपण अभिमानाने सांगतो, आणि ते सांगावेच. परंतु त्याच काळात क्यूशू बेटातील शिमाबारा आणि अमाकुसा या दरिद्री भागांतून सिंगापूर, रंगून, मुंबईपर्यंत पसरलेल्या जपानी स्त्रियांची घरेही कामाठीपुऱ्यात होती. जपान जसजसा बलाढ्य राष्ट्र म्हणून गणला जाऊ लागला तसतशी त्या सरकारास या स्त्रियांची लाज वाटू लागली, आणि १९२० च्या सुमारास जपानी वकिलातींनीच ही घरे उठविण्याचा सपाटा सुरू केला. स्त्रियांच्या दुःखापेक्षा राष्ट्राची अब्रू अनेकदा लवकर जागी होते.

सफेद गल्लीविषयी इतके कागद झाले याचे कारण तेथील स्त्रिया गोऱ्या होत्या. १९०४ साली पॅरिस येथे आणि पुढे १९१० साली जे आंतरराष्ट्रीय करार झाले, त्यांच्या नावातच 'गोऱ्या गुलामांचा व्यापार' असा उल्लेख होता. परंतु कामाठीपुरा, फोरास रस्ता, डंकन रस्ता, फॉकलंड रस्ता येथील बहुसंख्य स्त्रिया देशी होत्या. त्यांत देवास वाहिलेल्या मुली होत्या, मुरळ्या होत्या, टाकलेल्या विधवा होत्या. १८७६ चा, १८९६ चा आणि आमच्या वऱ्हाडास पुरते झोडपून गेलेला १८९९-१९०० चा, ज्यास म्हातारी माणसे अद्याप छप्पनचा दुष्काळ म्हणतात, अशा एकामागून एक आलेल्या दुष्काळांनी गाव सोडलेल्या बायाही होत्या. त्या कर्जाने बांधलेल्या असत. घरवाली त्यांची कमाई घेई, आणि कर्ज मात्र फिटत नसे. फॉकलंड रस्त्यावरील तळमजल्यांच्या गज लावलेल्या खोल्यांना 'पिंजरे' म्हणत, आणि परदेशी प्रवासी आपल्या प्रवासवर्णनात ते पाहिल्याचे आवर्जून लिहीत. पाहून झाल्यावर ते आग्र्यास ताजमहाल पाहण्यास जात. १९१७ साली डंकन रस्त्यावरील एका कुंटणखान्यात एका देशी स्त्रीचा अनन्वित छळ करून खून झाला, आणि तो खटला वर्तमानपत्रांत गाजला तेव्हा कोठे शहराच्या प्रतिष्ठित नागरिकांना, आपल्या ट्रामच्या वाटेवर काय चालले आहे, याची चौकशी करावीशी वाटली.

चौकशी झाली. १९२१ साली सरकारने समिती नेमली, आणि १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा मंजूर केला. रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणे आणि वेश्येच्या कमाईवर जगणे हे त्याने गुन्हे ठरविले. कुंटणखाना चालविणे हा गुन्हा मात्र १९३० च्या दुरुस्तीने झाला. म्हणजे रस्त्यावर उभी राहिलेली बाई सात वर्षे आधी गुन्हेगार झाली, आणि जिच्या घरात ती बाई कोंडलेली होती ती घरवाली सात वर्षे मागाहून. १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. राष्ट्रसंघाने पूर्वेकडील स्त्रियांच्या व्यापाराविषयी नेमलेले चौकशी मंडळही याच काळात येऊन गेले. युरोपियन स्त्रियांची संख्या तोवर पुष्कळच रोडावली होती. महायुद्धाने जहाजांच्या वाटा अडविल्या होत्या आणि त्यानंतरच्या पारपत्रांच्या कडक जाबत्याने नव्या स्त्रियांस येणे दुर्घट झाले होते.

दुसऱ्या महायुद्धात मुंबई हा पुन्हा फौजांचा तळ झाला. इंग्रज, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन असे नाना देशांचे शिपाई शहरात फिरू लागले, आणि कामाठीपुऱ्याच्या तोंडाशी लष्करी पोलिसांनी मनाईच्या पाट्या लावल्या. पाट्यांचा उपयोग मुख्यतः वाट दाखविण्यासाठी झाला असे जुने मुंबईकर हसून सांगत असत. १९४७ नंतर गोरे शिपाई गेले. गल्लीचे नाव तेवढे मागे राहिले. १९५६ साली भारताच्या संसदेने स्त्रिया व मुली यांच्या अनैतिक व्यापाराच्या दडपणुकीचा कायदा केला, आणि त्याच्या ८ व्या कलमात रस्त्यावरून वा सज्जातून गिऱ्हाईक बोलावणे हा अपराध १९२३ च्या धर्तीवर कायम राहिला. नाव आणि काही तरतुदी १९८६ साली बदलल्या, ते कलम आहे.

पुढील काळात परदेशी पाहुणा आणखी एका रूपाने आला. त्याच्या हातात कॅमेरा होता. मेरी एलन मार्क या अमेरिकन छायाचित्रकर्तीने १९७८ साली फॉकलंड रस्त्यावर स्त्रियांच्या सहवासात महिनोन्महिने काढले, आणि तिची छायाचित्रे १९८१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिला दोष देण्याचे कारण नाही. तिने निदान त्या स्त्रियांशी मैत्री करण्याचा यत्न केला. परंतु तिच्या पुस्तकाच्या आधी नऊ वर्षे, १९७२ साली, याच वस्तीत वाढलेल्या नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' मराठीत आला होता, आणि तो पाहुण्याच्या नजरेने लिहिलेला नव्हता. मराठी वाङ्मयाने या वस्तीकडे प्रथमच आतून पाहिले ते तेव्हा. फॉकलंड रस्त्यास आज पठ्ठे बापूराव यांचे नाव आहे. एका गव्हर्नराच्या जागी एका शाहिराचे नाव यावे, हा या साऱ्या प्रकरणातील त्यातल्या त्यात समाधानाचा भाग.

खलाशीगृहाच्या इमारतीत १९२८ पासून मुंबईचे कायदेमंडळ बसू लागले, आणि आता तेथे महाराष्ट्र पोलिसांचे मुख्य ठाणे आहे. कामाठीपुऱ्याच्या चाळी पाडून तेथे उंच इमारती बांधण्याच्या योजना चालू आहेत. सफेद गल्लीचे उरलेसुरले सज्जेही त्यांत जातील. या विषयावर अश्विनी तांबे यांच्यासारख्या विदुषींनी इंग्रजीत साक्षेपी ग्रंथ लिहिले आहेत. मराठीत मात्र मुंबईची वर्णने १८६३ साली गोविंद नारायण माडगावकरांपासून अनेक झाली, तरी या स्त्रियांचा सांगोपांग इतिहास कोणी लिहिला नाही. आणि त्यांतील कितीतरी जणी मराठी बोलणाऱ्या, आपल्याच दुष्काळी गावांतून गेलेल्या होत्या. मुंबईच्या पुराभिलेखागारात न्यायखात्याची आणि पोलीस खात्याची जुनी दप्तरे अभ्यासकांसाठी खुली आहेत. वऱ्हाडातील, मराठवाड्यातील एखाद्या तरुण अभ्यासकाने कापसाच्या भावांची कोष्टके काढता काढता ती दप्तरेही उघडावीत, आणि पाळण्यातली नावे व आडनावे बदलून गेलेल्या त्या बायांपैकी ज्यांचा गाव सापडेल त्यांचा गाव लिहून ठेवावा, एवढीच विनंती आहे.